कोकणात राहून इतिहासात बी.ए. करायचं असेल तर: प्रवेशाच्या फॉर्मपासून गावच्या दप्तरापर्यंत

मी राजापूर तालुक्यातली. बारावी आर्ट्सनंतर इतिहास मेजर (मुख्य विषय) घेऊन बी.ए. केलं, पुढे एम.ए.ही त्यातच केलं. आमच्या घरातून पदवीला गेलेली मी पहिलीच, त्यामुळे पहिल्या वर्षी साधे प्रश्न विचारायलाही माणूस सापडत नव्हता. ते सगळे प्रश्न आठवून, त्यांच्या क्रमाने हा लेख लिहिला आहे. रत्नागिरी, सिंधुदुर्ग आणि रायगड हे तिन्ही जिल्हे मुंबई विद्यापीठाच्या कक्षेत येतात, म्हणून प्रवेशाचे बरेचसे नियम तिन्हीकडे सारखेच लागतात.

1. आधी समजून घ्या: इथे "कशावरून?" असं विचारतात

शाळेत आपण उत्तर पाठ करतो. पदवीला मात्र प्रत्येक वाक्यापुढे "हे कशावरून?" हा प्रश्न येतो. पहिले दोन महिने त्याचा त्रास होतो, नंतर तो आपल्या अंगवळणी पडतो. एक उदाहरण सविस्तर सांगते.

विजयदुर्गावर "साहेबाचे ओटे" दाखवतात आणि सांगतात, 18 ऑगस्ट 1868 च्या खग्रास सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकियरने इथूनच हेलियम शोधला. सहावीच्या सहलीत मीही ते ऐकून वहीत लिहून घेतलं होतं. बी.ए.च्या दुसऱ्या वर्षी प्रोजेक्टसाठी तीच गोष्ट तपासायला घेतली. त्या ग्रहणाला फ्रेंच शास्त्रज्ञ जान्सेन होता तो गुंटूरला. लॉकियर भारतात नव्हताच. ज्यातून हेलियमचा माग लागला तो सूर्याच्या कडेचा वर्णपट त्याने पाहिला त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात, इंग्लंडमध्ये, ग्रहण नसताना. लॉकियर विजयदुर्गला खरोखर आला होता, पण 22 जानेवारी 1898 च्या ग्रहणाला. म्हणजे तब्बल तीस वर्षांनी. तोपर्यंत रसायनशास्त्रज्ञ रॅम्झीने 1895 मध्ये खनिजातून हेलियम वेगळा करून दाखवलाही होता. लोकांच्या सांगण्यात दोन ग्रहणांचं एक ग्रहण झालं.

हे कळल्यावर मला विजयदुर्ग छोटा वाटला नाही. उलट 1898 साली दुर्बिणी, कॅमेरे आणि गलबतांचा तो सगळा पसारा आपल्या खाडीच्या तोंडाशी कसा उतरला असेल, याचं कुतूहल जास्त वाढलं. अशा शोधात तुमचं मन रमत असेल तर इतिहास जरूर घ्या. "बाकी कशाला मार्क पुरत नाहीत" एवढंच कारण असेल तर तिसऱ्या सेमिस्टरला कंटाळा येईल.

2. कॉलेज निवडताना ऑफिसच्या खिडकीवर थांबू नका

खिडकीवर फी आणि तारखा कळतात. बाकीचं विचारायला थेट इतिहास विभागात जा. हे प्रश्न वहीत लिहून न्या:

- इतिहास मेजर तिसऱ्या वर्षापर्यंत याच कॉलेजात मिळतो का? काही ठिकाणी पहिली दोन वर्षं विषय असतो, पुढे विद्यार्थीसंख्या नसल्यामुळे दुसरं कॉलेज शोधावं लागतं. माझ्या मैत्रिणीवर ही वेळ आली होती. रोजचा एसटीचा प्रवास दुप्पट झाला आणि शेवटी तिने विषयच बदलला.
- पूर्णवेळ शिकवणारे किती, तासिका तत्त्वावरचे किती?
- मायनर (दुय्यम विषय) म्हणून काय घेता येतं? राज्यशास्त्र बहुतेक जण घेतात. माझं मत विचाराल तर भूगोल किंवा अर्थशास्त्र मिळत असेल तर घ्या. कोकणाचा इतिहास बंदरं, खाड्या, पाऊस आणि जमीनमहसूल यांच्याशिवाय कळत नाही.
- फील्ड प्रोजेक्ट, समाजसहभागाचा उपक्रम आणि ऑन-जॉब ट्रेनिंग गेल्या वर्षी कुठे झालं? नव्या शैक्षणिक धोरणात याला क्रेडिट आहेत. "मुलं काहीतरी करतात" असं उत्तर आलं तर सावध व्हा.

तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडता येतं, चौथं वर्ष केलं तर ऑनर्स मिळतं. पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट आणि दुसऱ्यानंतर डिप्लोमा घेऊन थांबायचीही सोय आहे. पण अगदी घरची अडचण असल्याशिवाय मध्ये थांबू नका. इतिहासाची खरी गोडी तिसऱ्या वर्षाच्या पेपरांत लागते.

रोज जाणं शक्य नसेल तर मुंबई विद्यापीठाचं दूरशिक्षण किंवा नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ हे मार्ग आहेत. ते कमी प्रतीचे नाहीत. फक्त तिथे सोबतीला अभ्यासगट नसतो, तो आपला आपण जमवावा लागतो.

3. कागदपत्रं मे महिन्यातच गोळा करा

निकालानंतर सेतू केंद्रात पाय ठेवायला जागा नसते, आणि पावसात नेट गेलं की दोन-दोन दिवस येत नाही.

- दहावी आणि बारावीची मार्कशीट
- शाळा सोडल्याचा दाखला (मूळ प्रत कॉलेज ठेवून घेतं, आधी चार-पाच झेरॉक्स काढा)
- आधार कार्ड आणि पासपोर्ट साईज फोटो
- अधिवास दाखला
- उत्पन्नाचा दाखला, चालू वर्षाचा
- लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमीलेयर
- मध्ये वर्ष गेलं असेल तर गॅपचं प्रतिज्ञापत्र
- बँक पासबुक
- अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी (आपले क्रेडिट जमा होतात ते ऑनलाईन खातं, डिजीलॉकरवरून काढता येतो)

क्रम चुकवू नका. आधी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर प्रवेशपूर्व ऑनलाईन नोंदणी, मग त्याची प्रत घेऊन कॉलेजचा फॉर्म. नुसता कॉलेजचा फॉर्म भरून गावी परतलेली मुलं दर वर्षी दिसतात.

दोन सापळे सांगते. पहिला नावाचा. दहावीच्या मार्कशीटवर, आधारवर आणि दाखल्यावर नावाचं स्पेलिंग अक्षरशः एक हवं. आमच्याकडे वडिलांचं नाव एका कागदावर "पांडुरंग" तर दुसऱ्यावर "पांडू" अशी गंमत घरोघरी आहे, आणि ती ऐन शेवटच्या दिवशी महाग पडते. दुसरा शिष्यवृत्तीचा. महाडीबीटीचे (राज्य सरकारच्या शिष्यवृत्तीच्या पोर्टलचे) पैसे आधारशी जोडलेल्या खात्यात येतात, आणि ते खातं एनपीसीआयकडे (बँकांचे ऑनलाईन व्यवहार चालवणारी संस्था) आधारशी मॅप झालेलं असावं लागतं. बँकेत "आधार दिलंय" एवढं पुरत नाही. माझी पहिल्या वर्षाची रक्कम या एका कारणाने अडकली. काउंटरवर मला तीनदा "सगळं ओके आहे" सांगितलं आणि मी विश्वास ठेवला. तुम्ही स्वतः ऑनलाईन स्टेटस बघा, त्याचा स्क्रीनशॉट ठेवा.

4. पहिल्या सेमिस्टरपासून या दोन सवयी लावा

उत्तरपत्रिका मराठीतून लिहिता येते, ती बिनधास्त मराठीतून लिहा. पण रोज एक पान इंग्रजी वाचा, अगदी एकच. कोकणावरची जुनी सरकारी साधनं बरीचशी इंग्रजीत आहेत. रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटियर 1880 चं, कुलाबा आणि जंजिऱ्याचं 1883 चं. त्यात आपल्या तालुक्याचं पान उघडा: कुठल्या बंदरात काय उतरत होतं, कुठली जात काय करत होती, भाताचे भाव काय होते, सगळं मिळेल. वाचताना मात्र लक्षात असू द्या की ते लिहिणारा अधिकारी महसूल आणि कारभारासाठी लिहीत होता. त्याला आपल्या आजीचं घर कसं दिसलं आणि आजीला ते कसं दिसत होतं, यात अंतर आहे.

दुसरी सवय टिपणांची. कुठलीही गोष्ट वहीत उतरवताना शेजारी कुठून घेतली ते लिहा: पुस्तक, पान, किंवा माणूस आणि तारीख. मी पहिलं वर्षभर हे केलं नाही, आणि प्रोजेक्ट लिहिताना अर्धी वही बाद झाली.

5. मोडी शिका, आणि पहिल्याच वर्षी शिका

या लेखातली एकच गोष्ट ऐकायची असेल तर ही ऐका. मोडी म्हणजे जुने मराठी कागद ज्या लिपीत लिहिले आहेत ती लिपी. इतिहाससंशोधक वि. का. राजवाड्यांचा जन्म रायगड जिल्ह्यातल्या वरसईचा. त्यांनी गावोगाव हिंडून कागद जमवले आणि मराठ्यांच्या इतिहासाची साधनं 22 खंडांत छापली, त्यातला पहिला खंड 1898 चा. एवढं होऊनही कोकणातल्या माळ्यांवर, ट्रंकांत, देवळाच्या पेटाऱ्यांत न वाचलेले कागद अजून पडून आहेत. वाचणारी माणसं कमी आणि कसर, वाळवी, ओल जास्त.

राज्य सरकारचं पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं, काही कॉलेजं आणि संस्थाही घेतात. मुळाक्षरं पंधरा दिवसांत येतात. खरी मेहनत पुढे आहे. मोडीत आधी आडवी रेघ ओढून तिच्याखाली हात न उचलता अक्षरं लिहितात, म्हणून शब्द कुठे तुटतो ते कळत नाही. ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. शिवाय प्रत्येक कारकुनाचं वळण वेगळं. यावर उपाय एकच: रोज चार ओळी. आधी लिप्यंतर दिलेला कागद घ्या, लिप्यंतर झाकून वाचा, मग ताडून बघा.

कागद वाचता आला तरी साल वाचता येईलच असं नाही, आणि इथे भले भले अडतात. पेशवेकाळच्या कागदावर बहुधा सुहूर सन नावाची जुनी कालगणना असते, तीही अरबी शब्दांत. "सन सबा सबैन मया व अलफ" असं दिसलं तर घाबरू नका. सबा म्हणजे सात, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार. झाले 1177. त्यात 599 मिळवा, आलं इसवी सन 1776-77. हे वर्ष मृग नक्षत्राच्या सुमारास सुरू होतं, म्हणून दोन इसवी सनांत विभागलं जातं. शके असेल तर 78 मिळवायचे: शके 1698 म्हणजेही 1776-77. कागदावर दोन्ही सन असतील तर दोन्ही ताडून बघा. जुळले नाहीत तर एक तर तुम्ही चुकलात, नाही तर लिहिणारा.

2023 पासून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. कामाचे पैसे मिळतात हे चांगलंच आहे. फक्त एक पथ्य पाळा: जे अक्षर लागलं नाही तिथे टिंबं द्या. समोरच्याला हवा तो शब्द वाचू नका.

6. पब्लिक हिस्टरी गावातूनच सुरू करा

पब्लिक हिस्टरी म्हणजे इतिहास वर्गाबाहेर नेणं, आणि लोकांबरोबर बसून तो लिहिणं. संग्रहालय, गडावरची माहिती, आठवणींचं ध्वनिमुद्रण, गावातलं प्रदर्शन, सगळं यात येतं. कोकणात याला कमी नाही. जुलै 2025 मध्ये मराठा लष्करी भूदृश्ये म्हणून 12 किल्ले जागतिक वारसा यादीत गेले, त्यातले रायगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे पाच आपल्या कोकणातले. रत्नागिरीत ब्रह्मदेशाच्या थिबा राजाचा राजवाडा आहे. कोर्लईत पोर्तुगीजांच्या संपर्कातून तयार झालेली बोली आजही घरात बोलतात. महाडचं चवदार तळं आहे, जिथे 20 मार्च 1927 ला बाबासाहेबांनी पाण्याचा हक्क बजावला. पण तुमचा पहिला प्रोजेक्ट याहून लहान असू द्या: एक घर, एक विहीर, एक होडी, मुंबईतली एक गावकीची खोली.

आठवणी घेताना माणसाला तारीख विचारू नका. देवगडच्या माझ्या मावशीआजीला मी विचारलं, तुम्ही या घरात कधी आलात? ती म्हणाली, "तारीख माका ठावक नाय. रामदास बुडाली त्या वर्सा आमी ह्या घरात इलाव." रामदास बोट रेवसजवळ बुडाली ती 17 जुलै 1947 ला. म्हणजे वर्ष मिळालं, तेही भर पावसाचं. नंतर फेरफार काढला तर जमीन नावावर चढलेली 1951 ला. मला वाटलं, आजी चुकली. सरांनी विचारलं, मधल्या चार वर्षांत काय झालं? तेव्हा लक्षात आलं: 1949 चा खोती (गावचा सारा खोतामार्फत वसूल करण्याची पद्धत) रद्द करणारा कायदा. घरात ते कूळ म्हणून आधीच राहायला आले होते, कागदावर खोती गेल्यानंतर आले. आजी बरोबर होती आणि फेरफारही. कोकणातल्या कितीतरी घरांची हीच गोष्ट आहे, आणि ती एका म्हातारीच्या वाक्यातून उलगडते.

आता धोक्याच्या जागा.

"जुने कागद दाखवा" हे पहिल्या भेटीत कधीच म्हणू नका. आपल्याकडे सामाईक जमिनीचे वाद घराघरांत आहेत. कागद बघायला आलेलं माणूस कुठल्या तरी भावाने पाठवलंय, असाच संशय येतो. दोन-तीनदा जा, चहा घ्या, फोटो अल्बम बघा. कागद आपोआप बाहेर येतात.

रेकॉर्डिंगआधी परवानगी घ्या आणि ती रेकॉर्डिंगमध्येच बोलून घ्या. "हे नको छापू" म्हटलं की छापायचं नाही.

गावऱ्हाटीचा (देवस्थान आणि मानपानाच्या गावच्या रीतीचा) इतिहास फक्त मानकऱ्यांकडून घेऊ नका. पालखी कोणाच्या दारी जाते ते ते सांगतील. ज्यांच्या दारी जात नव्हती त्या वाडीतही जाऊन बसा, तिथल्या बायकांशीही बोला. हे टाळून लिहिलेला गावाचा इतिहास मी अर्धा मानते.

ट्रंकेतला कागद लॅमिनेट करू नका, सेलोटेप लावू नका, उन्हात वाळवू नका. खिडकीशेजारी सावलीच्या उजेडात सपाट ठेवून वरून फोटो काढा, बाजूला पट्टी ठेवा म्हणजे आकार कळतो, आणि कागद होता त्याच क्रमाने परत ठेवा.

सड्यावर (कातळाच्या पठारावर) कातळशिल्पं, म्हणजे खडकात कोरलेली जुनी चित्रं, बघायला गेलात तर चपला बाहेर. रेषा उठून दिसाव्यात म्हणून खडूने रंगवू नका. बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, कुडोपी अशी ठिकाणं 2022 पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. कशेळीचा हत्ती तर सुमारे 18 मीटर लांबीचा आहे, उभं राहून तो एका नजरेत मावतच नाही. त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत एकमत नाही, तेव्हा कोणी छातीठोक आकडा सांगितला तर "कशावरून?" हे विचाराच. शेतात नाणं किंवा मूर्ती सापडली तर खिशात घालू नका. 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे ते कळवावं लागतं.

आणि चुकीची गोष्ट दुरुस्त करताना माणूस दुखवू नका. हेलियमची हकीकत मी सहलीला आलेल्या सगळ्यांसमोर गडावरच्या एका काकांना खोडून सांगितली. ते गप्प झाले, पुढे माझ्याशी बोलले नाहीत. 1898 ची गोष्ट त्यांना एकट्याला, आधी सांगायला हवी होती. कदाचित पुढच्या पर्यटकांना त्यांनी ती स्वतःच रंगवून सांगितली असती.

7. मुंबईच्या अभिलेखागारात पहिल्यांदा जाताना

फोर्टमधल्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत राज्याचं अभिलेखागार आहे. पेशवे दप्तर पुण्याला. विभागप्रमुखांचं पत्र, कॉलेजचं ओळखपत्र आणि पेन्सिल घेऊन जा, शाईचा पेन बॅगेतच ठेवा. काय बघायचं ते आधी सूचीतून नक्की करा, कारण मागितलेली फाईल लगेच हातात पडत नाही. रात्रीच्या गाडीने जाऊन एका दिवसात परत यायचा बेत करू नका. किमान दोन दिवस आणि नातेवाइकांकडे एक मुक्काम धरा.

8. पुढे काय

शिक्षक व्हायचं तर बी.एड. आणि टीईटी. स्पर्धा परीक्षांना इतिहास उपयोगी पडतो, पण बी.ए.चा अभ्यास म्हणजे एमपीएससीचा अभ्यास नव्हे, दोन्हीची पद्धत वेगळी आहे. पुरातत्त्वाची ओढ असेल तर पुण्याच्या डेक्कन कॉलेजात एम.ए. होतं. संग्रहालयशास्त्र आणि अभिलेख व्यवस्थापन यांचे पदविका अभ्यासक्रम आहेत. जागा मोजक्या आहेत हे घरच्यांना आधीच सांगा, म्हणजे तिसऱ्या वर्षी वाद होत नाहीत. कोकणात राहूनच काही करायचं असेल तर गड आणि कातळशिल्पं नीट समजावून सांगणाऱ्या माणसांची गरज वाढते आहे, आणि त्यात मोडी आणि इंग्रजी दोन्ही येणारी फार थोडी आहेत.

9. पहिलं प्रदर्शन गणपतीत लावा

चाकरमानी गावात असतात, घरं उघडी असतात, जुने फोटो भिंतीवरून उतरलेले असतात. शाळेची एक खोली दोन दिवस मागून घ्या. लागणारं सामान साधं आहे: दोरी, चिमटे, ए-फोर आकाराच्या प्रिंट, प्रत्येक फोटोखाली मोठ्या अक्षरात तीन ओळी, आणि एक कोरी वही. मूळ फोटो लावू नका, स्कॅन करून प्रिंट लावा. "या फोटोत कोण आहे?" अशी एक भिंत रिकामी ठेवा. आमच्या वेळी त्या भिंतीपाशी सगळ्यात जास्त गर्दी झाली. एका काकूंनी गिरणीच्या गेटसमोरच्या फोटोत आपल्या सासऱ्यांना ओळखलं आणि तिथेच वहीत अकरा नावं लिहून दिली.

घेतलेला प्रत्येक फोटो अनंतचतुर्दशीच्या आत परत करा, वहीत तारीख आणि सही घेऊन.